हिरव्या दिव्याला रक्तदाब कळत नाही

दिवाळीचे सेल लागले की एक प्रश्न हमखास येतो. आई-बाबांसाठी स्मार्टवॉच घेऊ का? विचारणारी मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर न्यू जर्सीत. आई-बाबा सांगलीत किंवा अकोल्यात. लांब असल्याची टोचणी मनात असते आणि जाहिरात सांगते की दीड हजारात बीपी, ऑक्सिजन, झोप, ताण, सगळं मनगटावर मोजून मिळेल. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. हौसेसाठी खुशाल घ्या, आई-बाबांच्या तब्येतीसाठी घेऊ नका.

का, ते घड्याळ उलटं केलं की कळतं. पाठीवर काचेची इवलीशी खिडकी आणि आत लुकलुकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त किंचित जास्त येतं आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. ही वर-खाली मोजायची आणि त्यावरून ठोके काढायचे, एवढीच ती युक्ती. माणूस स्वस्थ बसलेला असेल तर ती बरी चालते. पट्टा सैल असला, हात कामात असला की गडबडते. नेमकं दिव्याखाली गोंदण असेल तरी गडबडते, आणि आपल्या कितीतरी आज्यांचे हात गोंदलेले आहेत.

रक्तदाब मोजणं हे निराळंच काम. दवाखान्यातला पट्टा दंड आवळतो, धमनीतला प्रवाह अडवतो आणि हळूहळू सोडताना दाब मोजतो. घड्याळाचा पट्टा काहीच आवळत नाही. सॅमसंगच्या महागड्या घड्याळात बीपीची सोय आहे, पण ते आधी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं आणि दर 28 दिवसांनी पुन्हा तेच करावं लागतं. म्हणजे मशीन घरात हवंच. ॲपलने 2025 मध्ये उच्च रक्तदाबाची शक्यता सुचवणारी सोय आणली. ती महिनाभराची नोंद पाहून सूचना देते, आकडा देत नाही. आणि दीड हजाराचं घड्याळ मात्र अर्ध्या मिनिटात 121/79 असं छातीठोकपणे सांगून मोकळं होतं.

हा 121/79 मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या इमारतीतल्या एका काकांना मुलाने घड्याळ पाठवलं. घड्याळ रोज ‘नॉर्मल’ म्हणत होतं, म्हणून काकांनी बीपीची गोळी एक दिवसाआड केली. कुणालाही न विचारता. काकूंना ते कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. जेवणाच्या टेबलावर त्यांचं जुनं दंडाचं मशीन ठेवलं, काकांना पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पट्टा बांधला. मशीन घुर्रघुर्र करत फुगलं आणि आकडा आला 168/98. त्याच बैठकीत घड्याळ म्हणालं 121/79. मग ते घड्याळ त्यांच्या शाळकरी नातवाच्या हाताला बांधलं: 119/78. शेवटी काकूंनी पंचाची घट्ट गुंडाळी केली, तिच्यावर घड्याळ चढवलं, आणि त्या पंचालाही मिनिटाला 74 ठोके पडू लागले. काका बराच वेळ त्या पंचाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि गोळी पुन्हा रोजची झाली.

काकांच्या घरी काकू होत्या. ज्या घरात आई एकटी आहे तिथे हा पंचा कोण गुंडाळणार?

साखरेचं तर याहून वाईट. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना स्पष्ट बजावलं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, वापरू नका. खोट्या आकड्यावर इन्सुलिन कमी-जास्त केलं तर माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. ज्या देशात घरटी नाही तरी दर दोन-चार घरांआड मधुमेही आहे, तिथे ही विक्री चालू राहावी याचा मला संताप येतो.

कंपन्यांचा बचाव खोक्याच्या मागच्या बाजूला, भिंग लागेल अशा अक्षरात छापलेला असतो: हे वैद्यकीय उपकरण नाही. पुढच्या बाजूला लाल हृदय, बीपीचा आकडा, आणि हसणारे आजी-आजोबा. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. साधा थर्मामीटर त्यात येतो. मग बीपी दाखवतो म्हणून विकलेला माल एका ओळीच्या आडून का सुटावा? उपकरण नसेल तर आकडा काढून टाका. आकडा ठेवायचा असेल तर चाचण्या द्या, परवाना घ्या. यात मधला मार्ग नको.

आता चांगल्या घड्याळांबद्दल, कारण ती आहेत. 2018 मध्ये ॲपल वॉचच्या चौथ्या पिढीत ईसीजी आला आणि माणूस पडला तर ओळखून मदतीला फोन लावायची सोय आली. अमेरिकेत चार लाखांहून जास्त लोकांवर झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत साधारण दोनशेत एकाला अनियमित नाडीची सूचना मिळाली. त्यातल्या ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी पुरी केली, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. पक्षाघाताचा धोका वाढवणारा हा विकार कित्येकदा कसलंही लक्षण दाखवत नाही, म्हणून ही खरी कामाची गोष्ट आहे. पण दहावी पिढी भारतात आली तेव्हा तिची किंमत 46,900 पासून पुढे होती, सोबत आयफोन लागतो आणि चार्जिंग जवळजवळ रोज. सत्तरीतली आई रोज रात्री आठवणीने घड्याळ चार्जरवर ठेवणार आहे का, हे तिला विचारून मगच पैसे घाला.

पावलं? ती बऱ्यापैकी मोजली जातात. फक्त आईच्या मागे दहा हजारांचा लकडा लावू नका. तो आकडा 1965 मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आणला. 2019 मध्ये सरासरी 72 वर्षांच्या सुमारे 17 हजार अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण 4,400 पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढला नाही. गुडघे धरून जिन्यात फेऱ्या मारणाऱ्या आईला हे आजच सांगा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. पळता, पोहता, सायकल चालवता, आणि आकडा दिसला की उत्साह येतो? घ्या, पैसे वसूल होतील. आधीचं घड्याळ चालू आहे आणि नवीन मॉडेल आलं म्हणून घेताय? घेऊ नका, दोन पिढ्यांमधला फरक बहुतेक वेळा जाहिरातीत जास्त आणि मनगटावर कमी असतो. लोकांनाही हे उमगलेलं दिसतं. 2023 मध्ये भारताच्या बाजारात पाच कोटींहून जास्त स्मार्टवॉच आली होती, 2024 मध्ये साडेतीन कोटी. पहिलं घड्याळ ड्रॉवरमध्ये पडलेलं असताना दुसरं कोण घेणार?

आई-बाबांसाठी मात्र दोन-अडीच हजारांचं दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घ्या. सुट्टीत गेलात की शेजारी बसून शिकवा: पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं न बोलता. वहीत तारीख आणि आकडा लिहायची सवय लावा, ती वही डॉक्टरांना दाखवा. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. कुठलंही घड्याळ, अगदी ॲपलचंसुद्धा, हार्ट अटॅक ओळखत नाही. ॲपल स्वतःच तसं सांगते. छातीत दुखलं, दरदरून घाम आला, तर मनगटाकडे बघत बसू नका. 108 ला फोन लावा.