पिवळं झालं म्हणजे पाठ झालं!

आमच्या पुतणीचा एमपीएससीचा अभ्यास जोरात चालू आहे, हे तिच्या टॅबकडे लांबून पाहिलं तरी कळतं. सनावळ्या पिवळ्या, माणसं गुलाबी, घटनेची कलमं हिरवी आणि ‘हे नंतर बघू’ ते निळं. पंचायतराजच्या पानावर पांढरा रंग आता फक्त समासात उरलाय. विचारलं तर म्हणते, “काका, सगळंच इम्पॉर्टंट आहे हो!” परवा सहज त्या पानावरचं काय आठवतं ते विचारलं. तळाशी बिनरंगाचा राहिलेला प्रकाशकाचा पत्ता तिने पिनकोडसकट सांगितला.

यात तिचा दोष नाही. यादीत जे वेगळं पडतं ते लक्षात राहतं, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन विदुषीने १९३३ मध्येच दाखवून दिलंय. पुतणीच्या पानावर वेगळा पडला तो पत्ता.

आमच्या बाई म्हणायच्या, “खाली रेघ मारा, परीक्षेला येणार.” मग शिसपेन्सिल शोधा, पट्टी धरा, शेजारच्याचा कोपर चुकवा. एवढे कष्ट पडत म्हणून रेघा बेतानेच पडत. पुढे १९७१ साली जर्मनीच्या श्वान-स्टॅबिलो कंपनीने चकचकीत शाईचा ‘बॉस’ बाजारात आणला आणि रेघेचा पट्टा झाला. तरी त्या पेनाची शाई संपायची आणि नवं पेन घ्यायला वडिलांकडे पैसे मागावे लागायचे. नोंदींच्या ॲपमधल्या हायलायटरची शाई संपतच नाही. माझ्या मते त्याचा मूळ रोग हाच. बाकीच्या तक्रारी किरकोळ.

किरकोळ म्हणजे अशा. मोबाइलवर दोन शब्द रंगवायला जावं तर नेमके तेच बोटाखाली दडतात, आणि बोट जरा सरकलं की ॲप पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखं नको नको म्हणताना अख्खा परिच्छेद वाढून मोकळं होतं. मराठीत तर आणखी गंमत. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण संगणक ती साठवतो नंतर. रफाराचा ‘र’ साठवतो आधी, पण तो जाऊन बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. कधी कधी रंगाची पट्टी शिरोरेघेशीच थांबते आणि ‘धर्म’ रंगतो, रफार उघडाच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर रंग झकास बसतो. पण रंगवलेल्या ओळींची यादी काढा, ‘जिल्हा परिषद’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि टिंबाटोप्यांचा चिवडा हाती येतो.

यावर कंपन्यांना सुचणारी सुधारणा म्हणजे रंग. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर ‘नोट्स’मध्ये ही सोय आणली तेव्हा जांभळा, गुलाबी, नारिंगी, पुदिन्याचा हिरवा आणि निळा असे पाच रंग दिले. पिवळा नाही! आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांना मात्र हे मनापासून पटलं असतं. मोलाच्या शब्दावर ते गेरू घासत. पिवळा हरताळ फासत तो चुकलेल्या अक्षरावर, ते झाकायला. पुतणीचं पंचायतराज त्यांच्या हाती पडतं, तर अख्खं प्रकरण रद्द समजून त्यांनी ते नव्याने लिहायला घेतलं असतं.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात रंगवणं ‘कमी उपयोगाचं’ ठरलं. वरच्या दर्जाच्या दोनच निघाल्या: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, दिवसांचं अंतर ठेवून करणं. मग रंगवलेला शब्द ॲपने दुसऱ्या दिवशी झाकून टाकावा आणि विचारावं, “सांगा बघू, इथे काय होतं?” ‘अँकी’सारखी ॲप्स शब्द झाकून विचारतातच, हायलायटरला ते शिकवायला काय हरकत आहे? पुतणीला ही कल्पना ऐकवली. ती म्हणाली, “काका, मग हायलाइट करेल कोण?”

तेव्हा हिंजवडीत, बाणेरात किंवा थेट कॅलिफोर्नियात बसून असली ॲप्स घडवणाऱ्या मराठी मुलामुलींनो, नवे रंग नकोत. पानामागे दोन ओळींपुरतीच शाई द्या आणि ती संपली की खरोखर संपू द्या. आणि हात लागलाच आहे तर तेवढा रफारही रंगात घ्या.