युद्धलेखाच्या उजव्या कोपऱ्यातील माहितीचौकट : एक शास्त्रीय विवेचन

आधुनिक युद्धाचे खरे रणांगण कोणते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते ते विकिपीडियाच्या लेखात उजव्या हाताला, अगदी वर असते आणि त्याची रुंदी जेमतेम चार बोटे भरते. त्याला माहितीचौकट म्हणतात. इतक्या महत्त्वाच्या विषयाकडे विद्वानांनी आजवर पाठ फिरवली, म्हणून हा प्रपंच.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि त्याच दिवशी इंग्रजी विकिपीडियावर त्या आक्रमणाचा लेख उभा राहिला. लेख इतका लांबला की तो अखेरपर्यंत वाचणारा विरळाच. चौकट मात्र सगळे वाचतात. तिथे क्रियापद नसते, ‘परंतु’ नसतो, ‘असे म्हणतात’ नसते. नुसते झेंडे, नावे आणि आकडे. ‘परंतु’ला जिथे जागा नाही तिथे भांडणाला भरपूर जागा असते, हा या शास्त्राचा पहिला सिद्धांत समजावा.

पुराव्यादाखल बेलारूस घेऊ. रशियाच्या फौजा याच देशाच्या हद्दीतून कीव्हवर चालून गेल्या, क्षेपणास्त्रेही तिथून सुटली. पण बेलारूसने स्वतःचे सैन्य लढायला पाठवले नाही. मग त्याचा झेंडा रशियाच्या रकान्यात लावायचा का? लावलाच तर शेजारी की खाली, ‘पाठिंबा’ असे बारीक लिहून? पूर्वपक्ष म्हणतो, अंगण वापरू देणारा आत, तर तोफा पुरवणारी अमेरिका समोरच्या रकान्यात का नको? उत्तरपक्ष म्हणतो, शस्त्र देणे म्हणजे लढणे नव्हे. पूर्वपक्ष विचारतो, मग अंगण देणे म्हणजे तरी लढणे कसे? लग्नपत्रिकेत व्याह्यांच्या चुलतभावाचे नाव कुठल्या टायपात छापायचे यावरून ज्यांनी घरे दुभंगलेली पाहिली आहेत, त्यांना या वादाची खोली वेगळी सांगायला नको.

आता प्रमाणविचार. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. चार्वाकाने प्रत्यक्ष तेवढे ठेवले आणि बाकीची हाकलली. विकिपीडिया हा बरोबर उलटा चार्वाक आहे. समजा, खारकीव्हमधल्या एका बाईंच्या समोरच्या इमारतीवर गोळा पडला. त्यांनी तो खिडकीतून पाहिला, तावदानाच्या काचा स्वतः झाडून काढल्या आणि संध्याकाळी लेखात एक वाक्य घातले. रात्रीपर्यंत ते वाक्य उडालेले असते. ‘मी पाहिले’ याला तिथे मूळ संशोधन म्हणतात, आणि ते वर्ज्य. काचा झाडून चालत नाही; काचांची बातमी यावी लागते. अनुमानाचीही तीच गत. एक वृत्तपत्र म्हणते दारूगोळा संपत आलाय, दुसरे म्हणते फौज मागे सरकली. या दोहोंतून आपण होऊन ‘म्हणून’ काढला तर तो गुन्हा ठरतो. तो ‘म्हणून’ तिसऱ्या वृत्तपत्राने छापेपर्यंत थांबायचे. उरला शब्द, तोही आप्ताचाच.

आप्त कोण, हे ठरवणारा एक रंगीत तक्ता आहे. हिरवा म्हणजे विश्वसनीय, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे दारातूनच नमस्कार. रशियाची आरटी ही वाहिनी २०२० साली बाहेर गेली, यात विशेष काही नाही. ब्रिटनचे ‘डेली मेल’ मात्र तिच्या तीन वर्षे आधीच बाहेर बसले होते. त्यामुळे हा तक्ता पाश्चात्त्यांनी आपल्या सोयीने रंगवला, हा आक्षेप थोडा लंगडतो. अगदीच पांगळा होतो असे मात्र नाही.

तटस्थपणाची खरी परीक्षा ‘मॉस्क्वा’ जहाजाने घेतली. काळ्या समुद्रातल्या रशियन ताफ्याचे हे प्रमुख जहाज १४ एप्रिल २०२२ रोजी बुडाले. रशियाचे म्हणणे असे की, आग लागली, दारूगोळा फुटला आणि ओढून नेताना वादळी समुद्रात जहाज गेले. युक्रेनचे म्हणणे, आम्ही दोन नेपच्यून क्षेपणास्त्रे मारली. तटस्थपणा म्हणजे मधोमध उभे राहणे, असा समज असणाऱ्याने इथे एक क्षेपणास्त्र आणि निम्मे वादळ असा निवाडा दिला असता. नियम तसे सांगत नाही; विश्वसनीय साधनांत ज्या मताला जितके वजन, तितकीच जागा त्याला द्यावी असे तो सांगतो. पुढे जळत्या जहाजाची छायाचित्रे बाहेर आली आणि त्यांत समुद्र बऱ्यापैकी शांत दिसला. पण छायाचित्र पाहून आपणच ‘शांत’ म्हणणे हे पुन्हा मूळ संशोधन! एखाद्या नौदल विश्लेषकाने वर्तमानपत्रात तसे म्हटले की मगच समुद्र अधिकृतपणे शांत होतो.

मृतांच्या रकान्यात विनोद आटतो. २१ सप्टेंबर २०२२ रोजी रशियाचे संरक्षणमंत्री शोईगू यांनी आपले ५,९३७ सैनिक ठार झाल्याचे सांगितले. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी आपले ३१,००० सांगितले. शत्रूचे किती, हे दोघांनाही फार मोठ्या आकड्यांत माहीत असते. म्हणून रकान्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी सांगितला हे लिहायचे, अशी तडजोड निघाली. मेलेल्यांनाही ‘यांच्या म्हणण्यानुसार’ मरावे लागते. या गलक्यात मीडियाझोना हे रशियन वृत्तस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा मृत्युलेख आणि कबरी धुंडाळून एकेक नाव नोंदत असतात. त्यांची बेरीज खऱ्यापेक्षा कमी भरणार हे ते स्वतःच सांगतात, आणि प्रस्तुत लेखकाचा विश्वास त्यांच्यावरच अधिक.

हे सारे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत, अशी शंका कोणी घेईल. रशियन सरकारला तसे वाटत नाही. सरकारी परिभाषेत ही ‘विशेष लष्करी मोहीम’ असल्याने ‘आक्रमण’ म्हणणारे लेख काढा, असा तगादा तिथल्या नियामकाने लावला. लेख निघाले नाहीत, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने विकिमीडिया फाउंडेशनला ५० लाख रुबल दंड ठोठावला. त्याआधी मार्चमध्ये बेलारूसमधल्या मिन्स्कला विकिपीडियाच्या एका जुन्या संपादकाला पोलिसांनी उचलले होते. स्वल्पविरामावरून रात्र जागवणाऱ्यांत अशीही माणसे होती.

बाकी स्वल्पविरामाची थोरवी वेगळीच आहे. या युद्धावरचे लेख हाताळायला सहसा तीस दिवस जुने खाते आणि पाचशे संपादने लागतात. परिणामी रणांगणावर उतरण्यापूर्वी उमेदवार फुलपाखरे, रेल्वे स्थानके आणि विस्मृतीत गेलेले फुटबॉलपटू यांच्या लेखांतली विरामचिन्हे सुधारत बसतो. आत गेल्यावरही एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे लिखाण उलटवता येत नाही. भांडणाचा असा रेशनकोटा आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांनी आजच लागू करावा.

शेवटी ‘कीव्हचे भूत’. युद्धाच्या पहिल्याच दिवसात सहा रशियन विमाने पाडणारा हा वैमानिक जगभर गाजला. त्याचे म्हणून फिरलेले एक चलच्चित्र संगणकावरच्या खेळातले निघाले. ३० एप्रिल २०२२ रोजी युक्रेनच्या हवाई दलानेच हा लोकांनी घडवलेला नायक आहे, असे सांगून टाकले. विकिपीडियावर त्याचा स्वतंत्र लेख आहे आणि नियमाने तो असायलाच हवा. वृत्तपत्रांनी आधी तो आहे म्हणून बातम्या दिल्या, मग तो नाही म्हणून दिल्या, आणि त्याचे संदर्भ दुप्पट झाले.