जावक क्रमांक काय?

या देशात वेळेवर चालणारं एकच सरकारी कार्यालय उरलं आहे, आणि ते बनावट आहे. ते सकाळी नऊच्या ठोक्याला उघडतं, जेवणाची सुट्टी घेत नाही, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगत नाही. मुख्य म्हणजे नागरिकाला खेटे घालायला लावत नाही, स्वतःच फोन करतं. तुमचं नाव, पत्ता, आधार क्रमांक सगळं त्याच्या समोर तयार असतं. खऱ्या कचेरीत ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत इथे गुन्हा नोंदवला जातो, तपास होतो, वॉरंट निघतं आणि आरोपीची मुदतठेव मोडलीही जाते.

कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी एक ध्वनिमुद्रित बाई सांगतात की तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. नऊ दाबलं की दूरसंचार खात्याचे गृहस्थ येतात. अत्यंत नम्र. तुमच्या नावावर मुंबईत कुणीतरी सिम घेतलंय, त्यावरून भलते उद्योग झालेत, मला फार वाईट वाटतं, असं म्हणून ते फोन अंधेरीच्या पोलीस ठाण्याला जोडून देतात. खरं तर इथेच माणसाने सावध व्हायला हवं. एका खात्याने दुसऱ्या खात्याकडे प्रकरण एका मिनिटात पाठवलं! कुणी हद्दीचा प्रश्न काढला नाही, ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हटलं नाही. अशी सरकारं सत्ययुगातही नव्हती.

मग व्हिडिओ कॉल. गणवेश, मागे भिंतीवर राजमुद्रा, शेजारी वायरलेसची खरखर. अंधेरीत नेमणूक असूनही साहेबांना मराठीचा गंध नसतो, पण त्याचं हल्ली कुणाला काही वाटत नाही. त्यानंतर पीडीएफ येते. एकाच कागदावर सीबीआय, ईडी, रिझर्व्ह बँक आणि सर्वोच्च न्यायालय यांचे शिक्के. हे चार शिक्के प्रामाणिक मार्गाने एका पानावर आणायचे तर अर्जदाराची पुढची पिढी लागेल. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया निघाला, ज्याला १७७६ साली मृत्युदंड झाला, त्याला निदान भाऊसाहेबांसारखं दिसावं तरी लागत होतं. आजच्या तोतयाला भाड्याचा गणवेश पुरतो.

याला म्हणतात ‘डिजिटल अरेस्ट’. कायद्यात असलं काही नाही. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत, आणि अटक केली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये खुद्द पंतप्रधानांनी हे देशाला समजावून सांगितलं. त्याच्या आधी दोन महिने लुधियानातल्या एका मोठ्या कापड उद्योगसमूहाच्या ऐंशी ओलांडलेल्या प्रमुखांसाठी भामट्यांनी व्हिडिओवर अख्खं सर्वोच्च न्यायालय भरवलं होतं. तोतया सरन्यायाधीश, सुनावणी, लेखी आदेश, आणि सात कोटी रुपये रवाना. सुनावणीला पुढची तारीख पडली नाही, वकील आजारी पडले नाहीत, आदेशाची प्रत लगेच हातात मिळाली. भारतीय न्यायव्यवस्थेचा अनुभव असलेल्या माणसाला शंका यायला याहून अधिक पुरावा तो काय हवा?

आपल्याकडे असं कुणाचं झालं की कट्ट्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘एवढी शिकलेली माणसं, फसतात कशी? लोभ, दुसरं काय!’ लोभाचा जमाना गेला हो. ‘पंचवीस लाखांची लॉटरी लागली’वाले लोभावर जगत होते. हा नवा धंदा सचोटीवर चालतो. ज्याने उभ्या आयुष्यात पीएमटीतून विनातिकीट प्रवास केला नाही, आयकराचं विवरणपत्र मुदतीच्या पंधरा दिवस आधी भरलं, घरपट्टीच्या पावत्या १९८४ पासून जपून ठेवल्या, तोच माणूस ‘तुमच्यावर मनी लाँडरिंगचा गुन्हा आहे’ हे ऐकून गर्भगळीत होतो. ज्यांच्यावर खरोखरचे गुन्हे आहेत ते असल्या फोनला घाबरत नाहीत. ते निवडणुकीला उभे राहतात.

शिवाय या सचोटीच्या मंडळींची तालीम आपणच करून घेतलेली आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची, २०१४ पासून तेही डिजिटल झालं, म्हणजे आता झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून जिवंतपणा अडतो. जो माणूस दरवर्षी मुकाट्याने ‘होय, मी आहे’ असं सिद्ध करतो, त्याला फोनवर कुणी विचारलं की ‘तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध करा’, तर त्याला त्यात वावगं काय वाटणार? केवायसी तर विचारूच नका. ती एखाद्या व्रतासारखी पुन्हापुन्हा करावी लागते, आणि उद्यापन कधीच होत नाही.

बँकेची आणखी एक गंमत आहे. तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूने उभं राहतं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा, बऱ्याच प्रकरणांत तोशीस लागत नाही. पण डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतः शाखेत जातो, स्वतः आरटीजीएसचा फॉर्म भरतो, स्वतः सही करतो. म्हणजे व्यवहार ग्राहकाने केलेला. काउंटरवर सही मात्र काटेकोर तपासतात, ‘र’ची शेपटी नमुन्याशी जुळते का बघतात. समोरच्या म्हाताऱ्या माणसाचा हात का थरथरतोय, हे बघायचा रकाना फॉर्मवर नसतो. अपवाद आहेत. हैदराबादेत नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी एका ज्येष्ठ ग्राहकाला ‘एवढी रक्कम कशाला काढताय?’ असं खोदून खोदून विचारलं आणि तेरा लाख वाचवले. चार प्रश्न विचारल्याबद्दल त्यांची देशभर बातमी झाली, यावरून प्रश्न किती विचारले जातात ते ओळखा.

आणि मुंबईतल्या त्या ८६ वर्षांच्या आजी. २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून २०२५ च्या मार्चपर्यंत त्या आपल्याच घरात ‘अटकेत’ होत्या. दर काही तासांनी फोन यायचा: कुठे आहात? त्यांचे वीस कोटींहून अधिक रुपये गेले. त्या खोलीतच बसून असतात, फक्त जेवायला बाहेर येतात, कुणाशी तरी मोठ्याने बोलतात, हे लक्षात कुणाच्या आलं? घरी कामाला असणाऱ्या बाईंच्या. त्यांनी आजींच्या मुलीच्या कानावर घातलं. इथे माझा उपहास जरा अडखळतो. दिवसातून अनेकदा ‘कुठे आहात’ म्हणून चौकशी करणारं माणूस आपल्यापैकी किती आईबापांना आहे? न्यू जर्सीतला मुलगा रविवारी फोन करतो, ‘बाबा, कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका हं’ असं बजावतो आणि बाबांनी ‘अरे, गुडघ्याचं विचारायचं होतं’ म्हणेपर्यंत त्याची मीटिंग सुरू होते. भामट्याला मीटिंग नसते.

पलीकडचा भामटाही दर वेळी मजेत असतो असं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या म्यावाडी भागातून पाचशेच्या वर भारतीय विमानांनी परत आणले गेले. नोकरी म्हणून गेलेल्या अशा पोरांचे पासपोर्ट काढून घेतात आणि त्यांना सायबर फसवणुकीला जुंपतात. लोकांना खोटी अटक करण्यासाठी खऱ्या अटकेत ठेवलेली पोरं. असा कारभार सुचायलाही प्रतिभा लागते.

सरकार स्वस्थ बसलं असं मात्र म्हणता येणार नाही. सरकारने जनजागृती केली. कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सावध करायचे. लॉटरीवाले भामटे अनेक वर्षं ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने त्यांचाच फोटो पाठवत होते, त्यामुळे ज्येष्ठांचा थोडा गोंधळ उडाला, पण आवाज ओळखीचा होता. लोक इतके जागृत झाले की चिडले, आणि २०२५ च्या मध्यावर ती धून थांबली. शिवाय १९३० हा मदतीचा क्रमांक आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर तिथे कळवाल तितकी ते वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त, हे मात्र थट्टा बाजूला ठेवून लिहून ठेवा. बँकांचे खरे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून, जाहिरातीचे १४० वरून, संशयित फोनची तक्रार ‘चक्षु’वर, आणि ‘चक्षु’ असतो ‘संचार साथी’वर. रक्तदाबाच्या गोळ्या सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली हे लक्षात ठेवून उरलेल्या जागेत एवढं सगळं मावायला हवं.

परवा आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघात सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. तरुण वक्ता, चुणचुणीत. स्लाइड इंग्रजीत, माईक घोगरा. दीड तास त्याने जीव तोडून सांगितलं की आपला फोन अनोळखी माणसाच्या हातात देऊ नका, पिन कुणाला सांगू नका. टाळ्या झाल्या, गुलाबपुष्प झालं, बटाटेवडा आणि चहा झाला. मग वक्त्यासमोर रांग लागली. ‘बाळा, हा आवाज येत नाहीये बघ, पिन एक-नऊ-चार-आठ.’ ‘ह्याच्यात नातवाचे फोटो अडकलेत, जरा काढ ना, पासवर्ड मागच्या चिठ्ठीवर आहे.’ पोराने कपाळाला हात लावला. पण सगळ्यांचे फोन दुरुस्त करून दिले. गुणी मुलगा.

ब्रिटनमध्ये ओटू या दूरसंचार कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर वेगळाच तोडगा काढला. ‘डेझी’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची आजी. भामट्याचा फोन आला की ही विणकामाच्या, मांजरीच्या गप्पा मारत बसते. चाळीस चाळीस मिनिटं भामट्यांना अडकवून ठेवलं म्हणे तिने. साहेबाला आजीसुद्धा बनवून घ्यावी लागते, याची कीव येते. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आहेत, जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेल्या. त्यांना वीजही लागत नाही.

काकूंना फोन आला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. गणवेशातल्या पोराने गर्जना केली, “मॅडम, आप डिजिटल अरेस्ट में हैं!”

“असू दे. जावक क्रमांक बोलो.”

“क्या?”

“पत्र पाठवलंत ना? उसका जावक क्रमांक.”

त्याने केस नंबर वाचला. काकू म्हणाल्या, तो तुमच्या फाइलचा झाला, मी पत्राचा विचारतेय. मग त्यांनी चष्मा लावून पीडीएफ उघडली आणि गवार तशीच सोडून त्रुटी काढायला घेतल्या. विषयात ‘बाबत’ नाही. संदर्भ एक ते तीन दिलेत, जोडले एकही नाहीत. सही साहेबांची आहे की ‘करिता’ आहे? करिता असेल तर अधिकार प्रदान केल्याचा आदेश कुठेय? आणि तारीख शनिवारची. “अरे, पाच दिवसांचा आठवडा झाला दोन हजार वीस साली, शनिवारी कोण आलं होतं ऑफिसात?”

पोराने वरच्या साहेबांना बोलावलं. ते सीबीआयचे निघाले आणि फारच तापट होते. काकूंनी त्यांना उचित मार्गे यायला सांगितलं. साहेब म्हणाले, पडताळणीसाठी सगळी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरा, निर्दोष ठरलात तर परत मिळेल.

“भरते की. लेखाशीर्ष सांगा.”

पलीकडे कुजबुज झाली.

“लेखाशीर्ष नाही तर चलन कसं करू? कोषागारात विचारतील ना मला. बरं ते राहू दे, तो मघाचा मुलगा कायम आहे का कंत्राटी?”

फोन पलीकडून कट झाला.

काकूंनी आधी १९३० ला कळवलं, मग सगळ्या कागदांच्या दोन प्रती काढल्या आणि रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेल्या. मी सोबत होतो. तिथल्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पैसे गेले का?” नाही गेले. “मग आजी, तक्रार कसली लिहायची? पैसे गेले असते तर घेतली असती.” काकूंनी अर्ज पुढे केला. ते म्हणाले, फोन आला तेव्हा तुम्ही कुठल्या खोलीत होता? स्वयंपाकघरात? तुमच्या इमारतीची मागची बाजू पलीकडच्या ठाण्याकडे जाते. काकू म्हणाल्या, निदान अर्जाची पोच द्या, आवक क्रमांक घालून. हवालदारांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला, पॅड कोरडं होतं. “आवक-जावक बघणारे रजेवर आहेत. सोमवारी या.”

पायऱ्या उतरताना काकूंचा चेहरा खुलला होता. “हे पोलीस खरे आहेत हो,” त्या म्हणाल्या.