कॅरॅमलवरील आमचा वहिवाटीचा हक्क

साखर सुमारे 160 अंश उष्णतेला वितळून तांबूस होऊ लागते आणि सोलापूरच्या वैशाखात पारा 43-44 अंशांपर्यंत सहज चढतो; म्हणजे चतुर्थांशाहून अधिक काम येथे सूर्यनारायण विनामोबदला उरकून देतो आणि बाकीचे तेवढे चुलीवर सोपवतो. इतकी अनुकूल भूमी उपलब्ध असताना कॅरॅमल हा पदार्थ फ्रेंचांच्या नावे कोणत्या फेरफाराने दाखल झाला आणि त्या समयी आमचे तलाठी कोठे होते, याची रीतसर चौकशी व्हावी, असे माझे नम्र निवेदन आहे.

निवेदनास निमित्त झाला माझा पुण्याचा भाचा. त्याने एका मखमली डबीतून ‘सॉल्टेड कॅरॅमल’ नावाच्या वड्या आणल्या आणि ब्रिटनी प्रांतातील किबराँ गावी आंरी ल रू नामक हलवायाने 1977 साली जळवलेल्या साखरेत खारट लोणी कालवून हा प्रकार कसा सिद्ध केला, ते अशा भक्तिभावाने सांगितले की, डबीसमोर उदबत्ती लावावी की काय, असा मला प्रश्न पडला. ब्रिटनीला मिठावरील राजकराची पूर्वापार माफी होती, म्हणून तेथील लोणी खारट. मिठाच्या करापायी ज्या देशाला दांडीपर्यंत पायी जावे लागले, त्याला हे ऐकून किंचित असूया वाटावी, हे साहजिकच. आमच्या आत्याबाईंनी मात्र एक वडी जिभेवर घोळवून शांतपणे विचारले, “बाळ, पाकात मीठ पडलं तर आमच्या वेळी सासू बोलायची, तुम्ही त्याचे वर पैसे देता होय?”

आता दप्तर पाहू. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या रसाची वंशावळ ओळीने नोंदलेली आहे, आणि इसवी सन 647 मध्ये चीनच्या ताइत्सुंग सम्राटाने रस आटवण्याची विद्या शिकून घेण्यासाठी आपली माणसे मगधात धाडली, ही नोंद खुद्द चिन्यांच्या बखरीत आहे. पुढे ही विद्या इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेली. कॅरॅमल म्हणजे अखेर जळवलेली साखर. ज्याच्या घरी साखरच नाही, तो जाळणार काय? दूध-लोण्याच्या मऊ वडीपुरता अमेरिकनांचा हक्क मी मान्य करतो, कारण हर्शी नामक गृहस्थाने 1886 साली लँकेस्टर गावी तिचा कारखाना काढला आणि 1900 साली तो दहा लाख डॉलरांस विकून ते चॉकलेटच्या नादी लागले. अशा निर्मोही माणसाशी तंटा करणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रत्यक्ष वहिवाटीचा पुरावा गुऱ्हाळात मिळतो. काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढून टाकलेली असते, आणि चुलवाणाच्या धगीत उभा असलेला गुळव्या, ज्याने उष्णतामापक हे यंत्र जन्मात हाती धरलेले नाही, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबतो आणि जवळजवळ 118 अंशांवर काहील उतरवण्याचा हुकूम सोडतो. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी पाहुणे घरी जमले की, आत्याबाई हीच परीक्षा चिक्कीच्या पाकाची घेतात. फरक इतकाच की, त्यांची गोळी वाटीवर आपटल्यावर टणकन वाजावी लागते, आणि ती वाजेपर्यंत स्वयंपाकघरात कोणी श्वास मोठ्याने घ्यायचा नाही.

या खटल्यातील माझे दुःख निराळेच आहे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत हात घालणारे वालचंद हिराचंद 1882 साली आमच्याच सोलापुरात जन्मले. पण साखरेचा कारखाना त्यांनी 1933 साली काढला तो मालेगावजवळच्या रावळगावी, आणि 1942 पासून ज्या गोळ्यांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांचे दात किडवले, त्याही तेथल्याच. जन्मभूमीच्या वाट्याला काय आले, तर किराणा दुकानातील बरणी! सोलापूर तेव्हा दुष्काळी म्हणून बदनाम होते, हे खरे. तरी नीरेच्या कालव्यावर माळीनगरला 1932 सालीच साखर कारखाना उभा राहिला होता, आणि 1980 साली उजनी धरण पुरे झाल्यापासून तर जिल्ह्यात ऊस इतका माजला आहे की, हंगामात ट्रॅक्टरमागून सायकल हाकणाऱ्यास मोक्षमार्ग फार लांब राहत नाही. इकडे रावळगावच्या गोळ्यांची नावनिशाणी 2024 साली रिलायन्सने 27 कोटींना खरेदी केली; भाच्याच्या डबीचा भाव पाहता मला तो सौदा स्वस्त वाटतो.

वकीलसाहेब म्हणतात, दावा मजबूत आहे. अडचण एकच : मुद्देमाल म्हणून डब्यात सीलबंद करून ठेवलेली आत्याबाईंची चिक्की दर तारखेला वजनात कमी भरते, आणि वकीलसाहेब तर दर आठवड्याला नवी तारीख मागून घेतात.