परतीचं काय?

एस.टी.त हयात गेलेल्या माणसाला सहलीला न्यायचं असेल, तर आधी परतीची वेळ सांगावी लागते. कुठे जायचं ते मागाहून सांगितलं तरी चालतं. आमचे सासरे नाना कराडकडच्या एका आगाराचे निवृत्त व्यवस्थापक. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणि सासूबाई माई लंडनला, हॅरोत आमच्याकडे राहायला आले होते. माझ्या ऑफिसातल्या एका रग्बीवेड्या सहकाऱ्यानं क्लबातर्फे मिळालेली इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याची चार तिकिटं मला दिली. लंडनच्या ट्विकनम या रग्बी मैदानातल्या मोठ्या सामन्यांची बरीच तिकिटं अशी क्लबाक्लबांतून झिरपत येतात. किंमत मी घरात पौंडांतच सांगितली. रुपयांत सांगितली असती, तर नाना त्याच रात्री विमानतळावर जाऊन बसले असते.

"किती माणूस बसतं तिथं?" नानांनी विचारलं.

"ब्याऐंशी हजार."

नानांनी पाकिटावर भागाकार केला. "चव्वेचाळीस आसनी धरली तर १,८६४ गाड्या. जावईबापू, आषाढीच्या जादा गाड्या सोडल्यात मी. माणूस जाताना सुटासुटा जातो, येताना एकदम येतो. परतीचं काय?"

वॉटर्लूहून अर्ध्या तासात ट्विकनम, तिथून पंधरा मिनिटं चालत, असं मी तपशीलवार सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, "हे जायचं झालं."

बेत बारगळायच्या बेताला आला आणि त्याला चषकानं वाचवलं. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात जिंकणाऱ्याला कलकत्ता चषक मिळतो. कलकत्त्यात साहेब लोकांनी १८७३ मध्ये एक रग्बी क्लब काढला. क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि सभासद पांगले, असं सांगतात. उरलेले पोलो-टेनिसकडे वळले. शेवटी क्लबवाल्यांनी बँकेतले २७० चांदीचे रुपये काढले, ते वितळवून चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. त्याला नागांच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे.

"म्हणजे आपले रुपये!" नाना खुर्चीतून उठले. "चला. कुणाच्या हातात पडतात ते बघून येऊ."

मैदानाच्या जागेचा इतिहास मात्र माईंना पटला नाही. तिथं पूर्वी भाजीचा मळा होता. बिली विल्यम्स नावाच्या गृहस्थानं १९०७ मध्ये सव्वादहा एकर जमीन संघटनेसाठी साडेपाच हजार पौंडांच्या वर किमतीला घेतली. लोक आजही मैदानाला कोबीचा मळा म्हणतात. "चांगला पिकता मळा मोडला?" माई हळहळल्या. नानांनी तेवढ्यात एकरी भाव काढला. सुमारे ५४४ पौंड पडला. "स्वस्तात गेला," असा निकाल देऊन त्यांनी पाकीट खिशात घातलं.

पुढचा पेच दशम्यांचा. मैदानात ए-फोर कागदाहून मोठी पिशवी नेता येत नाही. माईंनी प्रिंटरमधला कागद काढून त्यावर दशम्यांचा डबा ठेवून पाहिला. बसेना. "कागद उभा धरायचा की आडवा?" त्यांनी विचारलं. या प्रश्नावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली, तेवढी घर घेतानाही झाली नव्हती. शेवटी दशम्या निघण्यापूर्वी खायच्या आणि पिशवीत फक्त नानांची माकडटोपी न्यायची, असं ठरलं.

आदल्या रात्री मी नियम सांगितले. पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटं. गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. मग लाथेनं चेंडू खांबांमधून धाडला की आणखी दोन. पेनल्टीचे तीन. हातानं चेंडू पुढे द्यायचा नाही, मागेच द्यायचा.

"आणि जायचं मात्र पुढं?" नाना म्हणाले. "आमच्या फायली अशाच जायच्या. समजलं."

मैदानात दोन्हीकडचे प्रेक्षक शेजारी शेजारी बसतात, मध्ये जाळी नाही की पोलीस नाही. माईंच्या बाजूला किल्ट घातलेला एक स्कॉटिश आजोबा आला. त्या थंडीत त्याचे उघडे गुडघे माईंना बघवेनात. त्यांनी आपली शाल पुढे केली. त्यानं ती घेतली, दुसऱ्या हातातला बिअरचा पेला सांभाळत. रग्बीत प्रेक्षकांना जागेवर बसून बिअर पिता येते, इंग्लंडात पुरुषांच्या मोठ्या फुटबॉल सामन्यांना ती मुभा नाही. आजोबा ही मुभा मनापासून वापरत होता.

सामना नानांच्या आवडीचा निघाला, कारण त्यात हिशेब होता. स्कॉटलंडनं तीन ट्राय केले, इंग्लंडनं एकच. पण स्कॉटलंडच्या फिन रसेलच्या ट्रायनंतरच्या तिन्ही लाथा चुकल्या, शेवटची तर अगदी संपता संपता. इंग्लंडनं पेनल्टीवर पेनल्टी साधल्या होत्या. १६-१५! चार वर्षं स्कॉटलंडकडे राहिलेला चषक इंग्लंडकडे आला. "ट्राय तीन आणि हार?" नाना म्हणाले. "सुटे पैसे जपले पाहिजेत."

शिटी झाल्यावर आमच्या रांगेतले बरेच जण दाराकडे निघाले. मीही उठलो. नानांनी माझा हात धरून खाली बसवलं. त्यांना रुपये बघायचे होते. चषक इंग्लंडच्या कप्तानाच्या, मारो इटोजेच्या हातात गेला. तो हत्ती आमच्या जागेवरून दिसत नव्हता, पण नानांना दिसला. मग आजोबानं शाल घडी घालून परत केली, माईंनी त्याच्या नातवंडांची चौकशी केली, आणि पाऊण तासानं आम्ही सावकाश स्टेशनाकडे निघालो. रांग होती, पण ती हलती होती.

तेव्हा ट्विकनमला जाणाऱ्यांनी गाड्यांची वेळापत्रकं पाठ करण्यात रात्र घालवू नये. पिशवी छोटी न्या, घरून खाऊन निघा, आणि शेवटची शिटी झाली की उठू नका. ब्याऐंशी हजारांच्या गर्दीवर बसून राहण्यासारखा दुसरा उपाय नाही.