देव्हारा की सातबारा? होतकरू प्रियकरांसाठी मार्गदर्शिका

वरठीत प्रेमात पडायची सोय उत्तम आहे. भंडारा रोड हे हावडा-मुंबई मार्गावरचे स्टेशन गावातच आहे आणि नागपूर साठेक किलोमीटरवर. त्यामुळे अप-डाउन करणारी पोरेपोरी एकाच फलाटावर उभी असतात. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना शेजारीच असल्याने नोकरीची आशा दाखवता येते. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात आणि त्या गर्दीत सोयरिकीही जुळतात. अडचण येते ती त्यानंतर. आवडलेल्या पोरीला देवी मानायचे की बरोबरीची, याची शिकवणी पंचक्रोशीत कोणी घेत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत.

साहित्य : मोबाइल एक. त्यात तिचा फोटो, शक्यतो डोक्यामागे प्रभावळ दिसेल असा. बुलेट, स्वतःची किंवा मित्राची. भांडी घासता येणारे दोन हात. हे शेवटचे साहित्य घरात असूनही बहुतेक उमेदवारांना सापडत नाही.

पायरी पहिली : मूर्ती ठरवावी. देवी घडवायची तर समोर नमुना हवा. मराठी रसिकांनी तो १९११ साली 'मानापमान' नाटकातल्या भामिनीत पाहिला. बालगंधर्वांचे लुगडे, पदर, दागिने आणि केशरचना पाहून घरोघरच्या बायका तशा नटू लागल्या. भामिनी रंगवणारे बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. म्हणजे आदर्श स्त्री घडवताना स्त्रीची गरजच पडली नाही. उमेदवाराने यातून एवढे टिपून ठेवावे की पूजेला बाई हजर नसली तरी चालते. बरोबरीला मात्र ती लागते, आणि ती बोलते.

पायरी दुसरी : शास्त्राधार शोधावा. जिथे स्त्रियांची पूजा होते तिथे देव रमतात, हे वचन लग्नपत्रिकेपासून महिलादिनाच्या फलकापर्यंत कुठेही सापडेल. ते मनुस्मृतीतले आहे. त्याच ग्रंथात, स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही, हेही लिहिले आहे. दोन्ही वचने एका बांधणीत सुखाने नांदतात, कारण त्यांचे भांडण नाहीच. मखरात बसवलेल्या मूर्तीला बाहेर कुठे जायचे असते?

हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाळण्यात आला. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात, म्हणजे वरठीहून गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर, दलित महिलांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी मुलींना प्रेमाचा सल्लाच दिला म्हणायचा. लग्न करणाऱ्या प्रत्येकीने नवऱ्यासमोर ताठ उभे राहावे, मी तुझी मैत्रीण आणि बरोबरीची आहे असे सांगावे, गुलामी नाकारावी. देवी व्हा, असे ते म्हणाले नाहीत. स्त्रियांना हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले आणि १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती भंडाऱ्यातून. ती ते हरले. पराभवाची कारणे वेगळी होती. तरी बरोबरीच्या वकिलाला मते कमी पडतात, अशी नोंद उमेदवाराने करून ठेवावी.

पायरी तिसरी : देवीलाच विचारावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून आपणहून उत्तर दिले. त्यांचा रोख सरळ होता. बायकोने नवऱ्याला देव मानायचे, तर नवऱ्याने देवासारखे वागायला नको का? देवत्वाची अशी उलटतपासणी सुरू झाली की भल्याभल्यांना मखरातून उतरावे लागते.

फलाटावर हा प्रयोग केल्यास संवाद साधारण असा होतो.

"तू माह्यासाठी देवीच आहेस."

"मंग उपास कोन धरीन? तू का मी?"

प्रश्न बिनतोड आहे. पूजेत उपास भक्ताने धरायचा असतो. वटपौर्णिमेला आणि हरतालिकेला मात्र देवी उपाशी राहते आणि भक्त जेवून वामकुक्षी घेतो. ज्याला खरोखरच देवी हवी आहे, त्याच्यासाठी मोहाडीची चौंडेश्वरी आहे. तिथे रांगेत उभे राहावे, नारळ फोडावा, नवस बोलावा. चौंडेश्वरी त्याला भाजीत मीठ कमी पडल्याचे ऐकून घ्यायला बांधलेली नाही.

पायरी चौथी : बांधीत उतरून पाहावे. भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. समान कामाला समान मोबदला देणारा कायदा १९७६ सालीच झाला. बाया आणि पुरुषांच्या मजुरीचे दर मात्र अजून कित्येक गावांत वेगळे आहेत. संध्याकाळी हीच बाई 'घरची लक्ष्मी' होते. लक्ष्मी धनाची देवता असली, तरी बांधी तिच्या नावावर नसते.

या विसंगतीवर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी व्यवहारी उपाय काढला. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम सुरू झाली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. गावात असे शंभर निघाले की ते लक्ष्मीमुक्त गाव. जळगाव जिल्ह्यातले विटनेर यात गाजले. हा उपकार नव्हे, थकलेल्या कर्जाची फेड आहे, असा मोहिमेचा सूर होता. १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्यासाठी परिपत्रक काढले.

कविता करता येत नाही म्हणून खचलेल्या उमेदवाराने ही माहिती आनंदाने वाचावी. महाराष्ट्रात २०१५ साली बायकोला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने देताना लागणारे मुद्रांक शुल्क २०० रुपये ठरवण्यात आले. स्थानिक अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. व्हॅलेंटाइन डेला नागपुरात बरा गुलदस्ता तेवढ्यात येत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

चूक एक : सरपंचपती होणे. २०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण कित्येक ठिकाणी खुर्चीवर ती आणि बोलायला तो. प्रेमातही ही पद्धत रूढ आहे. "आमच्या घरी सगळं हिच्याच मनानं चालतं," हे वाक्य ती तोंड उघडायच्या आत तोच बोलून मोकळा होतो.

चूक दोन : रेशनकार्डाचा दाखला देणे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख ठरते, हे खरे. पण उमेदवाराच्या घरात ती त्याची आई असते. हा मुद्दा होणाऱ्या सुनेपुढे काढण्यापूर्वी नीट विचार करावा.

चूक तीन : बरोबरी म्हणजे कोरडेपणा समजणे. काही उमेदवार समतेच्या नावाखाली गजरा आणणे बंद करतात आणि चहाचे अर्धे पैसे मागतात. असे कुठल्याही परिषदेत ठरलेले नाही. तिला मंडईत नटून मिरवायला आवडत असेल, कोणी "भारीच दिसून राहिली" म्हटलेले हवे असेल, तर खुशाल म्हणावे. ती उलट "तूही बरा दिसून राहिला" म्हणू शकते. मूर्तीला भक्ताचे कौतुक करण्याची मुभा नसते. इथे ती आहे, आणि उमेदवाराने त्यासाठी दाढी करून यावे.

पायरी पाचवी : लग्न ठरल्यास. नवा विधी शोधण्याची गरज नाही. सत्यशोधक समाजाने डिसेंबर १८७३ मध्ये पहिला विवाह लावला, आणि जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडून स्वातंत्र्याची कबुली चारचौघांत मागते. दीडशे वर्षे उलटून गेली तरी कित्येक मांडवांत वधूच्या तोंडी फक्त उखाणा असतो, तोही नवऱ्याचे नाव घेण्यापुरता.

मग दुय्यम निबंधक कार्यालयात जावे. सोबत दोघांची आधार कार्डे, चालू सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा आठचा नमुना, आणि दोन साक्षीदार असावेत. बक्षीसपत्र तिच्या हातात द्यावे आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवू नये. ती ते पहिल्या ओळीपासून वाचेल, चतुःसीमेतली एखादी चूक काढेल, लिहिणाऱ्याला दुरुस्ती करायला लावेल. रांगेतले लोक चुळबुळ करू लागतील. या वेळी "तुले काय समजते त्यातलं?" असे तोंडून निघून गेल्यास कागद तिथेच घडी करून ठेवावा आणि पायरी पहिलीवर परत यावे. मूर्ती अर्थात नवीन शोधावी लागेल.