माझं काही म्हणणं नाही, पण…

वॉरहॅमर ४०,००० या खेळात दोन सैन्यं लढतात असं ज्याला वाटतं, त्याने वकीलसाहेबांशी एकदा खेळून बघावं. टेबलावर बोटभर उंचीचे, घरी बसून रंगवलेले सैनिक असतात, मधे पडक्या इमारती असतात, मूठमूठ फासे असतात. खरी चकमक मात्र नियमपुस्तकातल्या उभयान्वयी अव्ययांवर झडते.

वकीलसाहेब हे त्यांचं नाव नव्हे आणि पेशाही नव्हे. ते कौन्सिलात हिशेबतपासनीस होते, आता निवृत्त आहेत. इंग्लंडातल्या कुठल्याही क्लबात असा एक गृहस्थ सापडतोच. आमचा नॉटिंगहॅमचा आहे, इतकंच. १९८७ साली ज्या कंपनीने हा खेळ काढला तिचं मुख्यालय याच गावात आहे, त्यामुळे आपण घटनासमितीच्या शेजारी राहतो अशी साहेबांची समजूत आहे.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये ते येतात तेव्हा एका हातात सैन्याची पेटी असते आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवी जास्त जड. तीत रंगीत चिठ्ठ्या लावलेलं नियमपुस्तक, तारखेवार लावलेली शुद्धिपत्रं, इंचांची टेप आणि दृष्टिरेषा तपासायचा लेझर. कोट खुंटीला लावायच्या आधी साहेब टेप एकदा ओढून पाहतात. मग डाव सुरू होतो, आणि थोड्याच वेळात ते वाक्य येतं: “माझं काही म्हणणं नाही, पण…” नवखा माणूस हे ऐकून कान टवकारतो. जुना चहा टाकायला जातो.

गोळीबाराचा नियम तसा सोपा आहे. आपल्या सैनिकाला शत्रू दिसला पाहिजे आणि तो बंदुकीच्या पल्ल्यात पाहिजे. मग फासे: नेम लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवलं का. फाशांबद्दल साहेबांना काडीचं कुतूहल नाही. त्यांची सगळी हयात ‘दिसला’ या एका क्रियापदावर गेली आहे. २००८ च्या आवृत्तीत दृष्टिरेषा सैनिकाच्या डोळ्यांपासून धरायची होती, आणि समोरच्याचं डोकं, धड, हात, पाय यांपैकी काही दिसलं तरच तो दिसला. नुसता झेंडा, बंदुकीची नळी, पंख किंवा शेपूट दिसली तर नाही दिसला. २०१७ पासून कुठलाही भाग दिसला की पुरे. साहेबांना दोन्ही तोंडपाठ. त्या जुन्या नियमावर त्यांनी काढलेला प्रश्न अजून सांगितला जातो: ज्या राक्षसाला कारागिराने डोळेच काढलेले नाहीत, त्याने बघायचं कुठून? आणि ज्याला दिसत नाही, त्याने गोळी झाडायची कशी? प्रश्न विचारून ते गप्प राहिले म्हणे. समोरच्याच्या सैन्यात आंधळे राक्षसच जास्त होते.

हे काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं असतं. समोर एक कॉलेजातला मुलगा, ऑर्कचं हिरवं सैन्य घेऊन. साहेब टेबलाच्या कडेला हात टेकून खाली बसतात. गुडघे दोन वेळा वाजतात. हनुवटी टेबलाला लावून, एक डोळा मिटून, आपल्या शिपायाच्या पाठीमागून बघतात. हॉलभर शांतता.

“दिसतोय.”

मुलगाही वाकतो. “काय दिसतंय?”

“कुऱ्हाडीचं टोक. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात.”

“कुऱ्हाडीला गोळी मारून काय होणार?”

“कुऱ्हाडीला काही होणार नाही. मरेल तो तुझा सरदार. पुस्तकात ‘कुठलाही भाग’ असं आहे.”

“अहो, मग मी त्याला जरा वळवून नसता का ठेवला?”

“ठेवायला हवा होतास,” साहेब म्हणतात, आणि आवाजात खराखुरा कळवळा असतो.

अंतराच्या बाबतीत तर विचारूच नका. काही बंदुकांना निम्म्या पल्ल्याच्या आत शत्रू आला की जास्त गोळ्या मिळतात. पल्ला २४ इंच असेल तर १२ च्या आत. साहेब टेप लावतात, समोरचा टेप लावतो, आणि दोघांच्या टेपा वेगळं सांगतात. मग तळाच्या चकतीच्या कुठल्या कडेपासून कुठल्या कडेपर्यंत, यावर खल सुरू होतो. आमच्या गावाकडे बांधावर मोजणीदार उभा राहिला की अख्खी भावकी श्वास रोखून बघते, तसे शेजारच्या टेबलांवरचे लोक आपले डाव सोडून इथे जमतात.

साहेबांचा सुवर्णकाळ म्हणजे २०१७ ची आठवी आवृत्ती. तीत लिहिलं होतं की अन्यथा नमूद केलं नसेल तर या पाळीत धावलेली तुकडी गोळीबारासाठी निवडता येणार नाही. पुढे असॉल्ट जातीच्या बंदुकांखाली लिहिलं होतं की तुकडी धावली असली तरी सैनिकाला ही बंदूक झाडता येते, फक्त नेमाच्या फाशातून एक वजा करावा. तुम्ही-आम्ही हे वाचून धावत-धावत गोळ्या झाडल्या असत्या. साहेब थबकले. बंदूक झाडता येते असं नमूद आहे, मान्य. पण तुकडी निवडता येते असं कुठे नमूद आहे? आणि तुकडी निवडलीच नाही तर बंदुकीपर्यंत पोचणार कसे? म्हणजे अक्षरशः पाहिलं तर असॉल्ट बंदुकीचा हा खास गुण कधी वापरताच येत नाही. हा पेच इतरांनीही काढला होता, आणि त्याप्रमाणे खेळत कुणीच नव्हतं. साहेबही नाहीत. ते दर वेळी फासे उचलताना म्हणायचे, “काटेकोर पाहिलं तर हे बेकायदा आहे,” आणि बिनदिक्कत गोळ्या झाडायचे. २०२० च्या नवव्या आवृत्तीत वाक्य दुरुस्त झालं. ते वाचून साहेब बरेच दिवस उदास होते.

इतिहासातली माणसंही त्यांनी दोन पक्षांत वाटून टाकली आहेत. १८२४ साली प्रशियात लेफ्टनंट राइसविट्झने लष्करासाठी युद्धाचा खेळ बांधला, नकाशे, फासे आणि गोळीबाराच्या कोष्टकांसकट. तो आपल्या पक्षाचा. १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ नावाच्या प्रशियन सेनाधिकाऱ्याने सांगितलं की ही कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच ठरवेल ते खरं. त्याचं नाव निघालं की साहेब चष्मा पुसायला घेतात. आणि एच. जी. वेल्स? त्याच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखरच लाकडी गोळी मारायची, शिपाई आडवा झाला की मेला. “तो चांगला माणूस होता,” साहेब म्हणतात, “पण त्यात वाचण्यासारखं काय आहे?”

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस जिंकण्यासाठी हे करतो. इथेच लोक फसतात. त्या कुऱ्हाडवाल्याच्याच डावात पुढच्या पाळीला मुलगा आपले फासे गोळा करून हताश बसला होता. साहेब परत गुडघ्यांवर गेले, या वेळी ऑर्कच्या बाजूने, आणि म्हणाले, “माझं काही म्हणणं नाही, पण तुझ्या तोफवाल्याला माझ्या कप्तानाच्या तलवारीची मूठ दिसते आहे.” मुलाने तोफ डागली. कप्तान गेला, डावही गेला. साहेबांनी नोंद केली आणि समाधानाने बिस्किट खाल्लं. क्लबात दुसरी एक जात आहे, जिला नियमाचं अक्षर फक्त स्वतःच्या पाळीला दिसतं. साहेबांना तिच्यात ढकलणं हा अन्याय आहे, आणि तो मी होऊ देणार नाही.

एकच गोष्ट त्यांना मनापासून लागते. आठव्या आवृत्तीच्या पुस्तकातच म्हटलं होतं की वाद मिटत नसेल तर दोघांनी एकेक फासा टाकावा, ज्याचा जास्त त्याचा निर्णय. कायद्याच्या पुस्तकात लॉटरीचं कलम! एकदा सगळ्यांनी फारच आग्रह केला म्हणून साहेबांनी नाइलाजाने फासा टाकला. तो घरंगळत जाऊन एका पडक्या भिंतीला तिरका टेकून राहिला. पाच म्हणावं तर पाच, तीन म्हणावं तर तीन. कुणीतरी म्हणालं, परत टाका. साहेबांनी हात वर केला, खिशातून दुसरा फासा काढला आणि पहिल्याच्या डोक्यावर अलगद ठेवून पाहिला. घसरला नाही तर दान कायम, घसरला तर बाद, अशी ही रूढ कसोटी. तो घसरलाही नाही आणि धड बसलाही नाही. पुस्तकं परत उघडली.

तेव्हा नॉटिंगहॅमला कधी आलात आणि साहेबांसमोर बसायची पाळी आली, तर सैनिक मांडायच्या आधीच दोन गोष्टी ठरवून घ्या: तळमजल्याच्या खिडक्या उघड्या धरायच्या की बंद, आणि तिरका फासा बाद की कायम. साहेब ते वहीत लिहून घेतील आणि स्वतःच्या विरुद्ध गेलं तरी शेवटपर्यंत पाळतील. वेळेवर या. हॉल साडेदहाला बंद होतो, आणि किल्लीवाल्या बाई कुठलंही शुद्धिपत्र मानत नाहीत.